फायरफॉक्स डिफॉल्ट केला, तरी पीडीएफ मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्येच का उघडते?

विंडोज ११ मधील ‘सेट डिफॉल्ट’ या बटणाने मुख्यत्वे वेबपत्ते आणि एचटीएमएल (वेबपानांच्या) फायलीच फायरफॉक्सकडे जातात. पीडीएफ हा स्वतंत्र फाइलप्रकार असल्यामुळे तो वेगळा बदलावा लागतो. त्यासाठी सेटिंग्जमधील ‘अ‍ॅप्स’मध्ये ‘डिफॉल्ट अ‍ॅप्स’ उघडून फायरफॉक्स निवडावा. खालच्या यादीत पीडीएफच्या ओळीत एजचे चिन्ह दिसेल, त्यावर क्लिक करून फायरफॉक्स ठरवावा. २०२१ मध्ये विंडोज ११ आली तेव्हा तर प्रत्येकच प्रकार असा एकेक करून बदलावा लागे, आणि ‘सेट डिफॉल्ट’ हे बटण २०२२ च्या अपडेटमध्ये मिळाले. मात्र स्टार्ट मेनूत शोधलेले वेब-निकाल भारतात फायरफॉक्स डिफॉल्ट केल्यावरही एजमध्येच उघडतात. ते बदलण्याची सोय सेटिंग्जमध्ये नाही.