महिन्यातून दोन-तीनदा निघणाऱ्या पोर्श बॉक्स्टरला लिथियम बॅटरी टाकावी की एजीएम?

तुमची गाडी २००८ ची बॉक्स्टर, मुक्काम पुणे, बाहेर निघणार ती सुट्टीच्या दिवशी मूड लागला तर. बॅटरी सारखी उतरते आणि दुकानदार म्हणतोय, लिथियम टाका, वजनही वाचेल. माझ्याकडे त्याच पिढीची केमन आहे, पुढचा भाग दोन्हींचा सारखाच, म्हणून सांगतो: मूळ मापाची एजीएम (शिशाचीच, पण आतलं ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषून ठेवलेली सीलबंद बॅटरी) घ्या. लिथियमपेक्षा जे पैसे वाचतील त्यातले थोडे चांगल्या मेंटेनर चार्जरवर, म्हणजे उभ्या गाडीची बॅटरी भरलेली ठेवणाऱ्या चार्जरवर घाला.

लिथियमचं खूळ हवेतून आलेलं नाही. पोर्शनेच २००९ च्या शेवटी ९११ जीटी३, जीटी३ आरएस आणि बॉक्स्टर स्पायडरसाठी लिथियम बॅटरीचा पर्याय जाहीर केला होता. वजन सहा किलोच्या आत, म्हणजे ६० ॲम्पिअर-अवरच्या (हे बॅटरीतल्या साठ्याचं माप) साध्या बॅटरीपेक्षा दहा किलोंहून हलकी, आणि जर्मनीत किंमत १,९०४ युरो. गंमत म्हणजे तिच्यासोबत नेहमीची शिशाची बॅटरीही मिळायची, कारण शून्याखालच्या थंडीत लिथियमवर सेल्फ लागेलच याची खात्री नव्हती. पुण्यात तो प्रश्न नाही. पण त्या बॅटरीची क्षमता होती १८ ॲम्पिअर-अवर, आणि तुमच्या कामाचा आकडा तोच आहे.

गाडी बंद असली तरी अलार्म, रिमोटचा रिसीव्हर, घड्याळ हे सगळे थोडा थोडा करंट खातच असतात. ३० मिलिॲम्पिअर धरा, हे अगदी निरोगी गाडीचं माप झालं. दिवसाला ०.७२ ॲम्पिअर-अवर गेले. १८ ची बॅटरी पंचवीस दिवसांत पार कोरडी होईल. तेवढ्याच दिवसांत ७० ची जेमतेम पाव उतरेल. बाजारातल्या लिथियमवर ‘६० च्या तोडीची’ असं छापलेलं असतं, ते बहुतेकदा सेल्फ मारायच्या ताकदीबद्दल असतं, साठ्याबद्दल नाही. खरे ॲम्पिअर-अवर बारीक अक्षरात शोधा. शिवाय व्होल्टेज फार खाली गेलं की चांगल्या लिथियममधलं सर्किट स्वतःला वाचवायला पुरवठाच तोडतं. मग गाडी पूर्ण मेलेली, आणि तुमची बॅटरी जिथे आहे ती पुढची डिकी उघडते विजेवर! ट्रॅकवर सेकंदाचे तुकडे मोजणाऱ्याने लिथियम जरूर घ्यावी. खंबाटकी चढून महाबळेश्वरला जाणाऱ्याला दहा किलोंनी काय फरक पडतो?

पण आधी मल्टिमीटर लावून करंट मोजा. डिकीतला दिवा काढून ठेवा, मीटर दहा ॲम्पिअरच्या रेंजवर घेऊन निगेटिव्ह केबल आणि टर्मिनल यांच्या मध्ये जोडा, गाडी लॉक करा आणि अर्धा-पाऊण तास हात लावू नका. सगळी मोड्यूल्स झोपायला वेळ लागतो. नंतरही ५० मिलिॲम्पिअरच्या वर असेल तर नवी बॅटरीही उतरणारच. संशयित नेहमीचेच: बाहेरून बसवलेला जीपीएस ट्रॅकर, डॅशकॅम, स्टिरिओचा ॲम्प.

एजीएम उष्णतेत लवकर जाते असं ऐकलं असेल, आणि ते खरं आहे. इंजिनाच्या शेजारी ठेवली तर. तुमच्या गाडीत इंजिन पाठीमागे आणि बॅटरी पुढे काचेखाली, त्यामुळे तिला इंजिनाची धग लागत नाही. जर्मन स्टार्ट-स्टॉप गाड्यांमुळे एजीएम आता पुण्या-मुंबईत सहज मिळते. ७० ॲम्पिअर-अवरची साधारण २७८ मिलिमीटर लांब, ८० ची ३१५. रुंदी १७५ आणि उंची १९० दोन्हींची. आधी ट्रे मोजा. तळाला पकड बसायची कड हवीच, म्हणून डीआयएन (जर्मन मानक) मापाचीच मागा. जपानी मापाची ‘बसवून देतो’ म्हणाला तर तिथून उठा. पॉझिटिव्ह कुठल्या बाजूला आहे ते जुनीशी ताडून बघा, कारण केबलला फार ढील नसते. आणि जुनीला वाफेची बारीक नळी असेल तर ती नवीला लागलीच पाहिजे. बॅटरी केबिनमध्ये हवा जाण्याच्या वाटेशेजारी बसते. एजीएम सहसा वायू सोडत नाही, पण जास्त चार्ज झाली तर सोडते. सीसीएच्या, म्हणजे कडक थंडीत सेल्फ मारायच्या ताकदीच्या, आकड्यामागे फार धावू नका, तो हिवाळ्याच्या देशांचा खेळ आहे.

दुकानात दोन गोष्टी बघा: बनवल्याची तारीख आणि व्होल्टेज. १२.७ च्या वर असेल तर घ्या. १२.५ च्या खाली असलेली बॅटरी फळीवर पडून सल्फेट धरायला लागलेली असते, सूट दिली तरी नको. वॉरंटीतली किती वर्षं फ्री रिप्लेसमेंट आणि किती प्रो-रेटा (वापरलेल्या काळाचे पैसे कापून) तेही बिलावर लिहून घ्या. जुनी बॅटरी तिथेच द्या, तिचे पैसे वजा होतात.

चार्जर एजीएम मोडवाला, चार-पाच ॲम्पिअरचा पुरे. पार्किंगमध्ये प्लग नसेल तर दर पंधरवड्याला तासभर हायवेवर फिरवा. उभ्या गाडीत दहा मिनिटं इंजिन चालू ठेवण्याने पंधरवड्यात उतरलेली बॅटरी धड भरून येत नाही.

बदलताना १० चा पाना, निगेटिव्ह आधी काढा आणि शेवटी लावा. सगळ्यात महत्त्वाचं, केबल सुटी असताना डिकी बंद करू नका. झालीच, तर पायाजवळच्या फ्यूजबॉक्समधलं लाल टर्मिनल बाहेर ओढा, दुसऱ्या बॅटरीचा पॉझिटिव्ह त्याला आणि निगेटिव्ह दाराच्या धातूच्या कडीला लावा, आणि डिकीचं बटण दाबा. अलार्म बोंबलेल, रिमोटने गप्प करा. या टर्मिनलवरून सेल्फ मात्र मारू नका, तिथली वायर तेवढी जाड नाही. नवी बॅटरी लागल्यावर दोन्ही काचा पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद वरच धरून ठेवा. तसं केलं नाही तर दार उघडताना काच जी थोडी खाली सरकते ती सरकणार नाही, आणि रबरात अडकेल.