शहरातल्या उद्यानावरून फॅशन डिझाईनचा प्रोजेक्ट करायचा आहे. फुलापानांच्या प्रिंटपलीकडे काय शोधू?

मुंबईत असाल, तर धारावीला लागून असलेलं महाराष्ट्र निसर्ग उद्यान घ्या, असं मी आग्रहाने सांगेन. मी कपड्यांची रचना शिकवते आणि विद्यार्थ्यांना मुद्दाम तिथे पाठवते.

आज तिथे दाट झाडी आहे, पण पूर्वी त्या जागेवर मुंबईचा कचरा पडायचा. त्यावर माती पसरून झाडं लावली, वाढवली आणि १९९४ साली उद्यान लोकांसाठी खुलं झालं. सुमारे ३७ एकर जागा, एका अंगाला मिठी नदी आणि काठची तिवरं (खारफुटीची झाडं). म्हणजे वर जे दिसतं त्याला आधार खालच्या, टाकून दिलेल्या थराचा आहे. तुमचा अभ्यास इथून सुरू होऊ द्या: या जागेची आतली बाजू कपड्यात कशी आणायची?

या प्रश्नाला आपल्याकडे गोधडीचं तयार उत्तर आहे. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक घालून धावदोऱ्याने पक्की केलेली. तिची नक्कल करू नका, तिचं तंत्र घ्या. मांजरपाटाच्या (साध्या सुती कापडाच्या) दोन थरांत कात्रणं भरून टाके घाला, मग वरचा थर कुठे कापला तर आतलं डोकावेल ते पाहा. पोशाखाचा बाह्य आकार, म्हणजे तुमचं सिल्हूट, या नमुन्यांतूनच सुचेल. आधी पोशाखाचं चित्र काढून मग त्यावर ‘उद्यान’ चिकटवलेलं ज्युरीला (प्रोजेक्ट तपासणाऱ्या परीक्षकांना) लगेच कळतं.

तिवराचं पान न तोडता, हातात धरून उलटून बघा. वरून हिरवं, खालून फिकट रुपेरी. दोन्ही बाजूंनी वापरायच्या कापडासाठी याहून चांगला धडा मला माहीत नाही. तिवराची श्वसनमुळं चिखलातून सरळ वर येतात. ओहोटीच्या वेळी त्यांच्यातलं अंतर, उंची नीट रेखाटून घ्या. त्यातून पिनटक (अगदी बारीक शिवलेल्या चुण्या) किंवा उभ्या दोऱ्यांचा पोत सुचू शकतो. निलवंत फुलपाखरू दिसलं (हे आपलं राज्य फुलपाखरू) तर तेही आतून बघायचं. वरून काळे पंख, मागच्या पंखांवर निळा रंग, आणि खालच्या बाजूला बुडाशी लाल ठिपके. काळ्या जॅकेटला अस्तर कुठे लाल द्यायचं, किती थोडं द्यायचं, याचा निर्णय त्या फुलपाखराने आधीच घेतलेला आहे!

रंगासाठी फोनवर विसंबू नका, कॅमेरा रंग बदलतो. भरतकामाच्या दोऱ्यांचं शेडकार्ड न्या आणि सालीशेजारी धरून तिथेच जुळवा. पातळ कागद खोडावर धरून मेणखडूने सालीचा ठसा घेता येतो. पानं, साल, फुलं मात्र तोडू नका. इको-प्रिंटसाठी (पानांचा ठसा आणि रंग कापडावर उतरवण्यासाठी) गळलेली पानं हवी असतील तर आधी कर्मचाऱ्यांना विचारा.

उद्यानातून निघाल्यावर धारावीतल्या शिवणकामाच्या आणि चामड्याच्या कारखान्यांत जा. कात्रणं तिथूनच विकत घ्या, रीतसर पैसे देऊन, आणि कारागिरांना न विचारता फोटो काढू नका. तुमच्या संकल्पनेतला खालचा थर मग त्याच परिसरातल्या खऱ्या कापडाचा होईल, आणि चामड्याच्या कडा कशा दुमडतात हे तिथले कारागीर शिक्षकांपेक्षा चांगलं दाखवतील.

मुदत असेल तर एकदा मे महिन्यात आणि एकदा पाऊस ओसरल्यावर जा. पाऊस ओसरल्यावर फुलपाखरं जास्त दिसतात.