तेलाची गुळणी: धरायची, करायची की घोळवायची?

प्रश्न असा आला आहे. दातांच्या दवाखान्यात लावायला एक मराठी पत्रक करायचं आहे, त्यात 'ऑइल पुलिंग'ला, म्हणजे दातांसाठी तेल तोंडात घेऊन फिरवण्याला, काय म्हणावं? 'तेल ओढणे' वाचून हसू येतं, 'तैलकर्षण' कुणाला कळणार नाही, आयुर्वेदाचे लोक 'गंडूष' म्हणतात आणि घरातली मोठी माणसं 'तेलाच्या गुळण्या'. यातलं बरोबर कोणतं?

'तैलकर्षण' आधी बाद करू, ते वाचून घाण्याचा बैल डोळ्यांपुढे येतो. 'ओढणे'ही नकोच. पण ते आलं कुठून तेवढं सांगतो. १९९०च्या दशकात डॉ. एफ. कराच यांच्या नावाने सूर्यफुलाच्या तेलाची एक पद्धत बरीच पसरली. तिच्यात तेल दातांच्या फटींतून चोखून ओढायचं असं सांगितलं होतं. म्हणजे आपण तेल ओढायचं. पुढे सांगणाऱ्यांनी उलटापालट केली आणि तेलच अंगातली 'विषं' ओढून काढतं असं म्हणायला लागले. त्याला काही आधार नाही.

आता गंडूष. शब्द जुना आणि देखणा आहे. कालिदासाच्या कुमारसंभवात तिसऱ्या सर्गात वसंत येतो, तेव्हा हत्तीण कमळाच्या परागांचा वास लागलेलं 'गंडूषजल' हत्तीला देते. स्त्रीने मद्याचा गंडूष शिंपडला की बकुळ फुलते, असा कविसंकेतही आहे. (त्याच बकुळीची साल दात बळकट करायला वापरतात, हा योगायोग मला फार आवडतो.) थोडक्यात, गंडूष म्हणजे तोंडभर घेतलेला द्रव.

त्यातलं 'तोंडभर' महत्त्वाचं. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात, सूत्रस्थानाच्या बाविसाव्या अध्यायात व्याख्याच दिली आहे: 'असञ्चार्यो मुखे पूर्णे गण्डूषः कवलोऽन्यथा'. तोंड इतकं गच्च भरलेलं की आतला द्रव हलवता येत नाही, तो गंडूष. हलवता आला तर कवल. सुश्रुतही हाच भेद करतो. गंडूष किती वेळ धरायचा? घड्याळ लावून नाही, तर तोंड कफाने भरेपर्यंत किंवा नाकाडोळ्यांतून पाणी यायला लागेपर्यंत. तोही वारा नसलेल्या जागी, उन्हात, खांदे-मान शेकून आणि चोळून झाल्यावर, तोंड किंचित वर करून. आंघोळीआधी मोबाइल बघत चमचाभर खोबरेल तोंडात फिरवणं यात कुठेच बसत नाही. चमचाभर तेलाने तोंड भरत नाही आणि फिरवलं म्हणजे तो गंडूष उरत नाही. शास्त्राच्या भाषेत बोलायचं तर आजचं ऑइल पुलिंग कवलाच्या जवळचं आहे. सगळीकडे 'गंडूष' छापतात ते बहुधा शब्द भारदस्त वाटतो म्हणून.

मग 'कवल' लिहावं का? हा शब्द खरं तर आपल्या तोंडातलाच आहे. 'वदनि कवळ घेता' म्हणत वाढलेल्या माणसाला कवळ म्हणजे घास हे सांगावं लागत नाही. पण तिथेच अडतं. पत्रकात 'तेलाचा कवळ घ्या' लिहिलं तर कुणीतरी गिळेल.

मला खरी मजा वाटते ती मराठी क्रियापदांची. आपण 'गुळणी धरणे' म्हणतो आणि 'गुळण्या करणे'ही म्हणतो, पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बैठकीत तोंड न उघडणारा माणूस 'मिठाची गुळणी धरून' बसलेला असतो. गुळणी धरली की बोलता येत नाही. तोंड भरलेलं, द्रव हलत नाही, म्हणजे हा चोख गंडूषच झाला. चरकाच्या सूत्रस्थानातल्या पाचव्या अध्यायातही शब्द 'तैलगण्डूषधारणात्' असाच आहे. तिथे सांगितलेले फायदे म्हणजे जबड्याला बळ, आवाजाला बळ, ओठ फुटण्याची भीती नाही, दात मुळाशी घट्ट, आणि 'न चाम्लेन हृष्यन्ते'. या शेवटच्याला मराठीत नेमका शब्द आहे: आंबट खाऊन दात आंबत नाहीत. एक सांगून ठेवतो, नुसतं 'तैल' म्हटलं की ते तिळाचं, कारण शब्दच तिळावरून आलेला आहे. खोबरेल तेलाची लाट अलीकडची.

'गुळण्या करणे' म्हटलं की मात्र आपली मान आपोआप मागे जाते. घसा धरला, मिठाचं कोमट पाणी घेतलं, घळघळ आवाज काढला, ही गुळणी. तेलाची अशी गुळणी करू नये. तेल श्वासनलिकेत उतरलं तर त्यातून एक प्रकारचा न्यूमोनिया होतो, आणि ऑइल पुलिंगनंतर तसा आजार झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून 'तेलाच्या गुळण्या करा' हा प्रयोग घरात ऐकायला कितीही सरावाचा असला, तरी दवाखान्याच्या भिंतीवर मी तो लावणार नाही. 'चूळ' पण नको. चूळ पाण्याची, भरली की लगेच टाकायची.

उरतं 'घोळवणे'. खडीसाखर तोंडात घोळवतो, तसं तेल घोळवायचं. या क्रियापदात गिळणं नाही, मान मागे टाकणं नाही, आणि ते कुणाला समजावून द्यावं लागत नाही. नाम हवंच असेल तर 'तेलाची गुळणी' एकवचनात ठेवावं, क्रियापद मात्र घोळवणेच. पत्रकात मी असं लिहीन:

'चमचाभर तेल तोंडात घ्या. दातांच्या फटींतून जाईल असं घोळवा. मान मागे टाकू नका, गिळू नका. तेल पातळ आणि दुधी झालं की कागदात थुंकून कचऱ्यात टाका, मग चूळ भरा. रोजचा ब्रश करायचाच आहे.'

दुधी होतं ते लाळेत तेल मिसळल्यामुळे, 'विष' उतरल्यामुळे नाही. कागदात थुंकायचं कारण साधं आहे, थंडीत खोबरेल बेसिनच्या नळीत थिजतं. शेवटचं वाक्य गाळू नये. काही छोट्या अभ्यासांत प्लाक (दातांवरचा चिकट थर) आणि हिरड्यांची सूज कमी झालेली दिसली आहे, पण तेवढ्यावर अमेरिकन डेंटल असोसिएशनने ऑइल पुलिंगची शिफारस केलेली नाही.

कंसात 'गंडूष' घालायचा मोह झालाच तर निदान 'गंडूश' छापू नका, शेवटी षटकोनातला ष आहे. आणि शीर्षकात 'ऑइल पुलिंग' राहू द्यायला माझी हरकत नाही. दवाखान्यात येणारा माणूस तेच नाव ऐकून आलेला असतो.