शब्दशंका : ‘ग्लॅमर’ हे व्याकरणाचंच पोर

प्रश्न (पणजी) : नोव्हेंबरात इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, आला की आपल्याकडच्या मराठी पेपरांत रोज ‘ग्लॅमर’ वाचायला मिळतं. हा मूळचा फ्रेंच शब्द, ‘आमूर’ म्हणजे प्रेम, त्यावरून आला, असं एका भाषणात ऐकलं. माझ्या मुलीच्या इंग्रजीच्या बाई मात्र म्हणतात, तो ‘ग्रामर’चा अपभ्रंश आहे. खरं काय?

उत्तर : बाईंचं खरं. ‘ग्लॅमर’ हा स्कॉट्स बोलीतला शब्द. ही बोली स्कॉटलंडच्या सखल भागातली. गेलिक या तिथल्याच केल्टिक घराण्यातल्या भाषेशी तिची गल्लत करू नये. ती इंग्रजीच्याच घराण्यातली आहे. (ती स्वतंत्र भाषा की बोली, यावर तिकडे बरीच भांडणं झाली. कोकणी-मराठीचा वाद पाहिलेल्या गोव्यातल्या वाचकाला या वादाची चव वेगळी सांगायला नको.)

ग्रीकमध्ये ‘ग्रामा’ म्हणजे लिहिलेलं अक्षर. त्यावरून लिहिण्यावाचण्याच्या विद्येचं नाव पडलं, ते लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमध्ये आणि तिथून इंग्रजीत आलं. मध्ययुगात ‘ग्रामर शिकणं’ म्हणजे लॅटिन शिकणं, आणि लॅटिन येणार ते पाद्र्याला नाहीतर पंडिताला. अंगठेबहाद्दर गावकऱ्याच्या लेखी त्या पोथीत औषधं, ग्रहगती, भुतं उतरवायचे मंत्र, सगळं एकत्रच. त्यामुळे ‘ग्रामर’ला गूढ विद्येचा अर्थ चिकटला. फ्रेंचमध्ये याच शब्दापासून ‘ग्रिमवार’ झाला, म्हणजे मंत्रतंत्राची पोथी. इंग्रजीत ‘ग्रामरी’ झाला, आणि स्कॉट्समध्ये ‘ग्लॅमर’.

पण ‘ग्र’चा ‘ग्ल’ कसा झाला? एका शब्दात दोन ‘र’ आले की जीभ त्यातल्या एकाला पुष्कळदा ‘ल’कडे ढकलते. याला विषमीकरण म्हणतात, आणि त्याची उदाहरणं आपल्या घरातच आहेत. संस्कृत ‘हरिद्रा’ची प्राकृतात ‘हलिद्दा’ झाली आणि आपण ‘हळद’ म्हणतो. ‘दरिद्र’चं ‘दळिद्र’ झालं. कपड्यांची अलमारीही त्यातलीच : पोर्तुगीज ‘आर्मारियु’, लोकांच्या तोंडी ‘आल्मारियु’. तिथेही दोन ‘र’ होते, त्यातला पहिला गेला. हळदीला जे झालं तेच ग्रामरला झालं, एवढंच.

१७२० च्या सुमारास ॲलन रॅम्झी या स्कॉटिश कवीने आपल्या कवितांसोबत शब्दार्थ दिले. त्यात या शब्दाचा खुलासा सापडतो : भुतं, चेटके किंवा हातचलाखीवाले पाहणाऱ्याची नजर फसवतात, तेव्हा ते त्याच्या डोळ्यांवर ‘ग्लॅमर टाकतात’, असं म्हणायचं. म्हणजे ग्लॅमर ही वस्तूत नसून बघणाऱ्याच्या डोळ्यांवर पडणारी गोष्ट होती. पुढे १७८९ मध्ये रॉबर्ट बर्न्स या स्कॉटिश कवीने एका कवितेत जिप्सींच्या ‘ग्लॅमर’शी नरकातल्या काळ्या ‘ग्रामर’चं यमक जुळवलं. हे दोन शब्द एकमेकांचे कोण, हे त्याला ठाऊक होतं असंच वाटतं.

इंग्लंडमध्ये शब्द रुजला तो वॉल्टर स्कॉट या स्कॉटिश कवी-कादंबरीकारामुळे. १८०५ च्या त्याच्या काव्यात ग्लॅमरच्या बळावर तुरुंगातल्या भिंतीवरची कोळिष्टकं दरबारातला भरजरी पडदा भासतात आणि अक्रोडाचं टरफल सोनेरी नाव दिसतं. ‘भुरळ पाडणारं सौंदर्य’ हा अर्थ १८४० च्या आसपास दिसू लागतो. सिनेमा, फॅशन, नटनट्या यांच्याशी तो जोडला गेला विसाव्या शतकात. इफ्फीच्या लाल गालिच्यावरचं ग्लॅमर हे असं फार अलीकडचं.

‘आमूर’ची व्युत्पत्ती फसते ती अर्थावर. तसा संबंध असता तर जुन्या वापरात कुठेतरी प्रेम दिसलं असतं. तिथे प्रेम नाही आणि सौंदर्यही नाही, निव्वळ नजरेची फसवणूक आहे. शिवाय जुन्या स्कॉट्समध्ये याची स्पेलिंगं तऱ्हेतऱ्हेची आहेत, काहींत शेवटचा ‘यू’ नाहीच. आज स्थिरावलेल्या स्पेलिंगच्या शेपटीत फ्रेंच शब्द दिसतो, म्हणून तो मुळातही होता असं होत नाही. गंमत म्हणजे ‘कलर’, ‘ऑनर’मधला ‘यू’ अमेरिकन लोक गाळतात, ‘ग्लॅमर’मधला मात्र बहुधा ठेवतात. विशेषण लिहिताना तो ब्रिटनमध्येही जातो. मुलांचे मार्क तिथेच कापले जातात, तेव्हा ‘ग्लॅमरस’ लिहिताना ‘र’च्या आधी ‘यू’ घालू नका.

प्रश्न (फोंडा) : कॉलेजच्या वार्षिकासाठी एका जुन्या स्कॉटिश पोवाड्याचं भाषांतर करते आहे. त्यात जिप्सी गडावरच्या बाईसाहेबांवर ‘ग्लॅमर’ टाकतात. मराठीत काय लिहू?

उत्तर : आधी शब्दाचा काळ बघा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धाआधीच्या मजकुरात ‘सौंदर्य’, ‘झगमगाट’, ‘वलय’ यांपैकी काहीही लिहू नका. तिथे जादूच आहे.

मग ती जादू कशावर चालली आहे ते पाहा. डोळ्यांवर असेल, म्हणजे नसलेली वस्तू दिसते किंवा असलेली दिसत नाही, तर ‘नजरबंदी’. जत्रेतला खेळवाला करतो तीच. तुमच्या पोवाड्यात मात्र ती माणसावर आहे. जिप्सी दारात गातात, बाईसाहेब खाली येतात, त्यांचा देखणा चेहरा बघताच जिप्सी ग्लॅमर टाकतात आणि बाईसाहेब घरदार सोडून त्यांच्यामागून जातात. इथे ‘नजरबंदी केली’ म्हटलं तर बाईंना काहीतरी भलतं दिसलं, एवढाच अर्थ निघेल. ‘भुरळ घातली’ चालेल. ‘मोहिनी घातली’ त्याहून नेमकं, कारण मोहिनीत रूप आणि फसवणूक दोन्ही आहेत. म्हार्दोळची म्हाळसा ज्या अवताराचं रूप मानली जाते, त्या मोहिनीने असुरांना अमृताच्या पंगतीत कसं बसवलं, ते आपल्या वाचकाला सांगावं लागत नाही. अडचण एकच : मोहिनी म्हटली की बाई डोळ्यांपुढे येते आणि इथे टाकणारे पुरुष आहेत. तेव्हा ‘मोहिनीमंत्र टाकला’ असं लिहा. ‘टाकणं’ हे क्रियापद स्कॉट्समध्येही आहे, ते फुकट मिळतंय ते सोडू नका.

‘गारूड’ हा शब्द मात्र आधुनिक ग्लॅमरसाठी राखून ठेवा. त्याचा प्रवास जवळजवळ तसाच आहे : गरुडाचा, साप उतरवायचा मंत्र, मग तो येणारा गारुडी, मग कुठलीही जादू, आणि आता एखाद्या गायकीचं रसिकांवर गारूड. तिथेही आधी विद्या होती, मोह मागून आला.

शब्द पडताळायचे तर ‘डिक्शनरी ऑफ द स्कॉट्स लँग्वेज’ इंटरनेटवर फुकट आहे. तिच्यात दोन कोश एकत्र आहेत : एक १७०० पर्यंतच्या भाषेचा, दुसरा त्यानंतरचा. शोध नुसत्या आजच्या स्पेलिंगने घेऊ नका. दोन-तीन स्पेलिंगं घालून बघा, नाहीतर शब्द असूनही हाती लागत नाही. नोंदीत अर्थ वाचून थांबू नका, खालची कालक्रमाने दिलेली अवतरणं वाचा. भाषांतरकाराचं काम तिथे होतं.

प्रश्न (डिचोली) : स्कॉट्समधले आणखी कुठले शब्द आपण नकळत वापरतो?

उत्तर : ‘स्लोगन’ गेलिकमधून स्कॉट्समार्गे आला, मूळ अर्थ सैन्याची आरोळी, म्हणजे आपल्या ‘हर हर महादेव’चा भाऊ. पण खरा मजेदार शब्द ‘रेड’, आयकरवाल्यांची पडते ती. जुन्या इंग्रजीत ‘राद’ म्हणजे घोड्यावरून जाणं. दक्षिणेकडे त्याचा ‘रोड’ झाला, उत्तरेकडे स्कॉट्समध्ये ‘रेड’, म्हणजे घोड्यावरून जाऊन घातलेला छापा. मधल्या काळात तो विसरला गेला होता. त्यालाही वॉल्टर स्कॉटनेच पुन्हा चलनात आणलं. मराठीला यात नवल वाटू नये. घोड्यावर बसते ती स्वारी आणि १६६७ मध्ये शिवाजी महाराजांनी बारदेशवर केली तीही स्वारीच.