जुनी डिझेल एसयूव्ही घेतली. सकाळी सेल्फ नीट लागत नाही, मीटरवर तीन-चार दिवे पेटतात, चाकातून घरघर येते. सुरुवात कुठून करू?

तुम्ही सविस्तर लिहिलेल्या तक्रारी आधी ओळीने लावतो. सकाळी किल्ली फिरवली की कधी सेल्फ जीव नसल्यासारखा फिरतो, तर कधी नुसता 'टक्'. एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा), ट्रॅक्शन (चाक घसरू न देणारी) आणि फोर-व्हीलचे दिवे एकदम पेटतात, गाडी बंद करून चालू केली की जातात. साठच्या पुढे घरघर. ऑटोमॅटिक गिअर 'डी'मधून (पुढे) 'आर'ला (मागे) टाकला की खालून 'ठक्'. बॅटरी नवी टाकून झाली, फरक पडला नाही, आणि आता तुम्हाला मेकॅनिकने ईसीएम, म्हणजे इंजिनचा संगणक, बदलायला सांगितलंय.

ईसीएमला तूर्त कुणाला हात लावू देऊ नका. मी मेकॅनिक नाही, पण अशाच एका जुन्या एसयूव्हीने मला वर्षभर नाचवलंय. मी आधी बॅटरी बदलली. मग सेल्फ उतरवून त्याचे कार्बन बदलले. मग अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा जनरेटर. प्रत्येक वेळी गाडी आठ-दहा दिवस गुणी बाळासारखी चालायची आणि मग पुन्हा 'टक्'. पार्ट बदलून बरी होत नव्हती ती. पार्ट बदलताना टर्मिनल सुटायचे, घासले जायचे, पुन्हा आवळले जायचे, त्यामुळे तात्पुरती सुधारायची. एवढं साधं डोक्यात यायला मला तीन पार्ट लागले.

दोष निघाला अर्थिंगच्या पट्टीत. इंजिन रबरी माउंटवर बसलेलं असतं, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते चासीपासून तुटलेलंच असतं. बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनपर्यंत करंटची वाट जोडून देण्यासाठी जाड वायर किंवा तांब्याची विणलेली पट्टी असते. माझ्या गाडीतली वरून अगदी धड दिसत होती. बोल्ट काढून ती वाकवली तर आतून हिरवी भुकटी पडली आणि निम्मे धागे हातात आले.

आता गंमत अशी की मल्टिमीटर ओहमवर ठेवून तपासलं तर अशी पट्टी चांगलीच दाखवते. डिझेल इंजिन फिरवताना सेल्फ सहज 200 अँपिअर ओढतो. त्या वाटेत 0.01 ओहम इतका क्षुल्लक अडथळा असला तरी 2 व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. साध्या मीटरला 0.01 ओहम कळत नाही, त्याच्या स्वतःच्या वायरींचाच अडथळा त्याहून जास्त असतो. म्हणून तपासायचं ते सेल्फ मारत असताना आणि व्होल्टमध्ये.

मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, म्हणजे शिशाच्या त्या बुंध्यावरच टेकवा, त्यावरच्या क्लॅम्पवर नको. लाल पिन इंजिनच्या एखाद्या स्वच्छ, रंग नसलेल्या बोल्टवर. हँडब्रेक ओढा, गिअर 'पी'मध्ये, बाही आणि वायरी फॅन-बेल्टपासून लांब. मग दुसऱ्या कुणाला तरी तीन-चार सेकंद सेल्फ मारायला सांगा. 0.2 व्होल्टच्या आत आकडा आला तर अर्थिंग ठीक. माझ्याकडे 1.4 आला होता. पट्टी बदलली, दोन्ही टोकांखालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून चकचकीत धातू काढला, तेव्हा तो 0.1 वर आला. तसंच बॅटरीचा पॉझिटिव्ह खांब आणि सेल्फवरचा जाड नट यांच्यामध्येही मोजा. तिथे अर्धा व्होल्टही मला जास्त वाटतो.

हे करताना बॅटरीचे तीन आकडेही टिपून ठेवा. रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, दार उघडण्याआधी शक्य असेल तर, 12.6 च्या आसपास हवेत. 12.2 म्हणजे बॅटरी अर्धी उतरलेली. सेल्फ मारताना 10 च्या फार खाली जाऊ नये. आणि इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.5. अलीकडच्या काही गाड्यांत चार्जिंग संगणक ठरवतो, तिथे हा आकडा खालीवर होतो, म्हणून हेडलाइट आणि ब्लोअर लावून पुन्हा बघा.

सकाळचा आकडाच कमी आला तर रात्री कुणीतरी करंट खातंय. जुन्या गाडीत माझा पहिला संशय आधीच्या मालकाच्या हौसेवर असतो: नंतर बसवलेला अलार्म, म्युझिक सिस्टिम, कॅमेरा, छतावरची एलईडीची पट्टी. मी डॅशबोर्ड खाली केला तेव्हा चार वायरी सोलून, पिळून, नुसत्या काळ्या टेपने गुंडाळलेल्या सापडल्या, आणि त्यातली एक कुठेच जात नव्हती! हिशोब करून बघा. झोपलेल्या गाडीने 50 मिलिअँपिअरच्या आसपास किंवा त्याहून कमी खावं. 300 खात असेल तर दिवसाला सात अँपिअर-तासांहून जास्त गेले. 70 अँपिअर-तासांची बॅटरी पाच दिवसांत अर्धी.

हे शोधताना लोक एकेक फ्यूज उपसत बसतात. तसं करू नका. फ्यूज काढून घातला की झोपलेले मॉड्यूल (गाडीतले छोटे संगणक) जागे होतात आणि आकडा भलताच येतो. दार उघडंच ठेवून त्याचं लॅच स्क्रूड्रायव्हरने मिटवा, म्हणजे गाडीला दार बंद वाटेल. अर्धा-पाऊण तास थांबा, मग फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या पाठीवरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर मिलिव्होल्ट मोजा. शून्य म्हणजे त्या वाटेने करंट जात नाही. जिथे आकडा दिसेल, ती वाट धरून पुढे जा.

आता दिवे. तीन दिवे एकदम पेटले म्हणजे तीन गोष्टी बिघडल्या असं नव्हे. एबीएस, ट्रॅक्शन आणि बऱ्याच गाड्यांत फोर-व्हीलचा कंट्रोल, हे सगळे त्याच चार चाकांच्या सेन्सरांवर विसंबून असतात. एका सेन्सरचा सिग्नल गेला की सगळे मिळून हात वर करतात. तुम्ही एक गोष्ट लिहिलेली नाही आणि तीच महत्त्वाची आहे: दिवे सुरू करतानाच पेटतात की चालताना? सकाळी सेल्फ मारल्या मारल्या पेटत असतील तर व्होल्टेज कोसळल्याने मॉड्यूल गोंधळलेत, अर्थिंग नीट झालं की बहुधा आपोआप जातील. पण चालताना, त्यातही वळणावर पेटत असतील, तर मला तुमच्या घरघरीशी त्यांचं नातं दिसतंय.

कारण असं की पुष्कळ गाड्यांत सेन्सर ज्या चुंबकी कड्यावरून वेग वाचतो ते कडं व्हील बेअरिंगच्या सीलमध्येच बसवलेलं असतं. बेअरिंग झिजून चाक किंचित डुलायला लागलं की कडं आणि सेन्सरमधलं अंतर बदलतं, वळणावर जास्तच. म्हणजे तुमच्या दोन तक्रारी एकच असू शकतात. स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडून आकडे वाचायच्या यंत्रावर, चारही चाकांचे वेग शेजारी शेजारी लावा आणि मोकळ्या जागेत गाडी हळू चालवा. स्क्रीनवर दुसऱ्या कुणाला तरी बघू द्या. एक चाक मध्येच शून्य दाखवत असेल तर चोर सापडला.

घरघर टायरची की बेअरिंगची हे कानानेही कळतं. रस्त्याचा पोत बदलल्यावर आवाज बदलला तर टायर. रस्ता कसाही असो, आवाज तोच, पण डावीकडे झुकवताना वाढतो आणि उजवीकडे कमी होतो, तर बहुधा उजव्या बाजूचं बेअरिंग, कारण डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर जातं. मग ते चाक उचला. नुसत्या जॅकवर भरवसा नको, खाली स्टँड लावा. चाक वर-खाली धरून हलवा, खेळ जाणवतो का बघा. आणि एका हाताने स्प्रिंगची गुंडाळी धरून दुसऱ्याने चाक फिरवा. खराब बेअरिंगची खरखर कानाला ऐकू येण्याआधी त्या स्प्रिंगमधून बोटांना लागते. मला हे एका म्हाताऱ्या फिटरने दाखवलं होतं.

'ठक्'साठी गाडी सपाट जागेवर उभी करा, चारही चाकांना ठोकळे लावा, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून चाकांकडे ताकद नेणारा गाडीखालचा लांब दांडा, हाताने मागे-पुढे पिळा. क्रॉसमध्ये, म्हणजे त्या दांड्याच्या टोकांच्या वाकणाऱ्या सांध्यांत, खेळ असेल तर तिथेच टकटक होते, आणि टोप्यांच्या कडेला गंजाची लाल बारीक पूड दिसली तर आतलं ग्रीस संपून बेअरिंगच्या सुया झिजल्यात. क्रॉस घट्ट असतील तर इंजिन आणि गिअरबॉक्सचे माउंट बघा. पुढच्या-मागच्या टायरांचा साइज एकच आहे ना, तेही वाचून घ्या. जोडीने बदललेले टायर फोर-व्हीलमध्ये फार छळतात.

ईसीएमचं म्हणाल तर मेकॅनिकने स्कॅनरवरचा कोणता कोड (गाडीने स्वतः नोंदवलेला दोषाचा क्रमांक) दाखवून निदान केलं ते विचारा. पी0562 असेल तर त्याचा अर्थ व्होल्टेज कमी, आणि यू0100 म्हणजे इंजिनच्या मॉड्यूलशी संपर्क तुटला. संपर्क तुटायला वायर, फ्यूज किंवा पुन्हा तीच अर्थिंग पुरते. कोडमध्ये तक्रार कुठल्या वाटेवरची आहे ते कळतं, कुठला पार्ट बदलायचा ते नाही. पुसण्याआधी सगळ्यांचा फोटो काढा, मग पुसा, आणि परत सगळ्यात आधी कोणता येतो ते बघा.

क्रमाचं म्हणाल तर मी सेल्फपासून सुरू केलं कारण तो रोज छळतो. पण तो फार तर तुम्हाला दारातच अडकवेल. चाकात खेळ लागला किंवा क्रॉसपाशी लाल पूड दिसली तर बाकी सगळं बाजूला ठेवा, आधी ते करून घ्या, आणि तोवर गाडी हायवेवर काढू नका.