रात्री दीडला कुणाचा तरी कॉम्प्युटर सुरू करून देणारा मुलगा

पत्र, थोडक्यात: मी बार्शीजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. यजमान एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहेत. मुलगा यंदा बारावी सायन्स झाला, ६४ टक्के. सीईटीला ५२ पर्सेंटाइल. गेलं दीड वर्ष तो रोज रात्री इंटरनेटवर अनोळखी लोकांच्या कॉम्प्युटरच्या अडचणी सोडवत बसतो. कुणाचं मशीन चालू होत नाही, कुणाची डिस्क दिसत नाही, कुणाचं एक्सेल बिघडलेलं. एक पैसा घेत नाही. हे म्हणतात, फुकटची हमाली आहे. मॅनेजमेंट कोट्यातून इंजिनिअरिंगला घालायचं तर कर्ज काढावं लागेल. हे व्यसन आहे की यात पुढे काही आहे? त्याच्या उत्तरांच्या प्रिंट सोबत जोडल्या आहेत. आणि नवा लॅपटॉप मागतोय, द्यावा का?

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्राआधी मी त्या प्रिंटच वाचल्या. माझ्याकडे मुलांचे बायोडेटा येतात, मार्कलिस्ट येतात, पोहण्याची प्रमाणपत्रंसुद्धा येतात. पण मुलगा रात्री काय करतो याचा असा कागदोपत्री पुरावा कुणी पाठवत नाही. तो पाठवलात हे फार बरं केलंत.

त्यातलं एक पान मी दोनदा वाचलं. कुणा परदेशी माणसाचा जुना डेस्कटॉप एका सकाळी काळ्या पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ म्हणून थांबला. हार्ड डिस्क गेली असं धरून तो नवी घ्यायला निघालेला. तुमच्या मुलाने त्याला एकही उपाय सांगितला नाही, आधी तीन प्रश्न विचारले. काल रात्री आणि आज सकाळ यांच्यामध्ये काय घडलं? बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये, डिस्कचं नाव दिसतं का? आणि बायोसमधलं घड्याळ कोणतं साल दाखवतंय?

हा तिसरा प्रश्न कुठून आला, बघा. वीज गेली होती आणि डिस्कचं नाव तर दिसतंय, असं उत्तर आलं. म्हणजे डिस्क जिवंत आहे. घड्याळ मात्र बरीच वर्षं मागे. म्हणजे मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलाय, वीज जाताच बायोसच्या सेटिंग पुसल्या गेल्या आणि मशीन कंपनीच्या मूळ सेटिंगवर गेलं. जुनं विंडोज लेगसी म्हणजे मशीन सुरू करण्याच्या जुन्या पद्धतीने टाकलेलं, आणि मशीन आता यूईएफआय या नव्या पद्धतीने शोधतंय. घर जागेवरच आहे, पत्ता चुकलाय. एक सेटिंग बदलायला सांगितली आणि सीआर २०३२ नंबरचा सेल आणायला सांगितला. नव्या डिस्कचा खर्च वाचला.

तुमच्या यजमानांना हे पान वाचून दाखवा. ते रोज हेच करतात. ड्रायव्हर येऊन म्हणतो, “गाडी ओढत नाही.” तेवढ्यावर कुठला मेकॅनिक इंजिन उतरवतो? सपाटीला की घाटात, थंड असताना की तापल्यावर, डिझेल कधी भरलं, हे आधी विचारतो. फरक एवढाच की त्यांच्यासमोर बस उभी असते आणि पोराला मशीन दिसतसुद्धा नाही. समोरचा माणूस घाबरलेला, अर्धवट सांगणारा, भाषा दोघांचीही कच्ची, आणि तरी नेमकं काय बिघडलंय ते शोधायचं. याला मी हमाली म्हणणार नाही. फुकटची आहे, ते खरं.

दुसरं पान एक्सेलचं. कुणाचं व्हीलूकअप, म्हणजे एका यादीतला कोड दुसऱ्या यादीत शोधणारं फंक्शन, चालत नव्हतं. दोन्ही याद्यांत तोच कोड डोळ्यांना दिसतोय, आणि उत्तर मात्र ‘एन/ए’, म्हणजे सापडलं नाही. मुलाने त्याला लेन फंक्शन लावून अक्षरं मोजायला सांगितली. एकीकडे दहा, दुसरीकडे अकरा. शेवटी एक न दिसणारी मोकळी जागा चिकटलेली. जास्तीच्या मोकळ्या जागा काढणाऱ्या ट्रिम फंक्शननेही ती जाईना, कारण वेबपेजवरून उचललेल्या मजकुरात अनेकदा साध्या स्पेसऐवजी १६० क्रमांकाचं वेगळं अक्षर येतं आणि ट्रिम त्याला हात लावत नाही. हे त्याला ठाऊक होतं. पाच वर्षं ऑफिसात एक्सेल वापरणाऱ्या कित्येकांना ठाऊक नसतं.

एक्सेलची कामं किरकोळ वाटतात म्हणून सांगतो. २०२० च्या सप्टेंबरअखेरीस इंग्लंडच्या सरकारी आरोग्य यंत्रणेकडून १५,८४१ कोविड रुग्णांची नोंद आकडेवारीतून सुटली. कारण? माहिती जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये भरली जात होती आणि त्या फाइलला ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नसते. नव्या एक्सएलएसएक्समध्ये दहा लाखांहून जास्त ओळी मावतात. त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांना वेळेवर कळवलं गेलं नाही. आणि मी स्वतः? एका वर्षी शिबिराच्या यादीत नावांचा एकच कॉलम निवडून सॉर्ट केला. एक्सेलने विचारलंही होतं, बाकीचे कॉलम सोबत घ्यायचे का. मी घाईत नको म्हटलं. मुलांची नावं अकारविल्हे लागली, फोन नंबर जागेवरच राहिले. दोन दिवस मी एकाच्या बापाला दुसऱ्याच्या मुलाबद्दल सांगत होतो.

आता खोट. ती नसती तर मी हे पत्र एवढं लांब लिहिलंच नसतं.

प्रिंट मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला दाखवल्या. तो पुण्यात सर्व्हरची टीम सांभाळतो. दोन-तीन पानांवर मान डोलावली आणि एका पानावर थांबला. त्यात एका बाईंची बाहेरची हार्ड डिस्क टकटक वाजत होती, आत मुलांचे लहानपणीचे फोटो. तुमच्या मुलाने सरळ चेकडिस्क, म्हणजे डिस्क तपासून दुरुस्त करणारा विंडोजचा प्रोग्रॅम, चालवायला सांगितलं. विद्यार्थी म्हणाला, “सर, इथे मी याला नोकरीवरून काढलं असतं.” कारण असं की टकटक म्हणजे आतला हेड किंवा यंत्रणाच निकामी होत चाललेली असते. तिला पूर्ण तपासायला, दुरुस्त करायला लावायचं म्हणजे पाय मोडलेल्या माणसाला जिना चढायला सांगणं. अशा वेळी डिस्क बंद करायची आणि डेटा मोलाचा असेल तर रिकव्हरी लॅबकडे द्यायची. आवाज नसेल, नुसते सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे साठवणीचे छोटे कप्पे, खराब होत असतील, तर आधी सबंध डिस्कची प्रत काढायची आणि जे काही प्रयोग करायचे ते त्या प्रतीवर. त्या बाईंचं पुढे उत्तर आलेलं दिसत नाही. त्या पानाखाली मुलाचंही काही नाही, तो पुढच्या प्रश्नाकडे गेलेला.

मला सतावतंय ते हे. चुकला म्हणून नव्हे, अठराव्या वर्षी चुकणारच. पण परक्याच्या मशीनवरची चूक त्याला दिसत नाही, तिची किंमत दुसरं कुणी भरतं, आणि धन्यवाद म्हणणारे तेवढे परत येतात. अशाने माणसाला स्वतःबद्दल भलताच विश्वास वाटू लागतो.

म्हणून त्याला एक वही करायला सांगा. शंभर पानी, साधी. प्रत्येक प्रकरणाला एक पान: तक्रार काय होती, पहिला अंदाज काय, कोणता प्रश्न विचारल्यावर अंदाज बदलला, शेवटी काय निघालं. आणि न सुटलेल्यांची पानं वेगळ्या रंगात. उद्या मुलाखतीत ही वही टेबलावर ठेवली तर ६४ टक्क्यांबद्दल कुणी विचारणार नाही असं मी म्हणत नाही. विचारतील, पण मग पान उलटतील. त्याबरोबर तीन गोष्टी त्याने लिहून द्याव्यात आणि त्यावर तुम्ही सही घ्यावी: कुणाच्या मशीनचा रिमोट ताबा घेणार नाही, कुणाचा पासवर्ड किंवा ओटीपी मागणार नाही, चोरीच्या सॉफ्टवेअरच्या किल्ल्या वाटणार नाही. याच धंद्याच्या नावाखाली लुबाडणाऱ्यांच्या टोळ्या चालतात. भलेपणाने गेलेला पोरगा त्यांच्यासारखा दिसता कामा नये.

व्यसनाचं म्हणाल तर मला ते झोपेचं प्रकरण दिसतं. अमेरिकेत दुपार असते तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र. लगेच उत्तर द्यायची चटक लागली की दीड वाजणारच. अकराला बंद. सकाळी उत्तर दिलं तरी कुणाचं बिघडलेलं मशीन पळून जात नाही.

आता शिक्षण. मॅनेजमेंट कोट्याची सीट मी घेऊ देणार नाही, कर्ज काढून तर नाहीच. या मुलाला चार वर्षांत इंजिनिअरिंगचं गणित पेलेलच असं त्याच्या मार्कांवरून म्हणवत नाही, आणि नापास विषयांच्या धाकात ही रात्रीची गोडी पहिली मरेल. दोन वाटा माझ्या डोळ्यांपुढे आहेत. एक, बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स. सोलापूर, पुणे, जिथे खर्च झेपेल तिथे. बीसीएही चालेल, पण महाराष्ट्रात २०२४ पासून त्यालाही वेगळी सीईटी आहे, ती दिली आहे का बघा. दोन, पॉलिटेक्निक. बारावी सायन्सच्या जोरावर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो, आणि डिप्लोमा चांगला झाला तर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा दरवाजा तेव्हा उघडतो. तुमच्या यजमानांना पदवीची चिंता असेल तर ही वाट सांगा. मला स्वतःला या मुलासाठी पहिली जास्त आवडते, कारण ऑपरेटिंग सिस्टिम आणि नेटवर्क हे विषय तिथे पुस्तकातून येतील. त्याच्याकडे इलाज आहेत, शरीरशास्त्र नाही. मशीन चालू झाल्यापासून विंडोजचा पडदा येईपर्यंत कोण कुणाच्या हाती सूत्रं देतं हे त्याला तुकड्यातुकड्यांनी माहीत आहे, सलग नाही. टकटकणाऱ्या डिस्कवरची चूक त्याच भगदाडातून झाली.

प्रमाणपत्रांच्या जाहिराती तुमच्यापर्यंत येतीलच. पहिल्या वर्षी एकही नको. पुढे लिनक्स ही विंडोजसारखी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम शिकला की रेड हॅट या लिनक्सच्या कंपनीची आरएचसीएसए परीक्षा बघावी. त्यात चार पर्यायांतून खूण करायची नसते. समोर मशीन देतात, कामं देतात, आणि केलेले बदल मशीन रीबूट झाल्यावरही टिकले तरच धरतात. या मुलाला शोभेल अशी दुसरी परीक्षा मला तरी ठाऊक नाही.

नोकरीचं खरं चित्रही ऐकून ठेवा. पहिली नोकरी बहुधा डेस्कटॉप सपोर्ट किंवा हेल्पडेस्कची असेल. पगार बेताचा, रात्रपाळी, हातात ठरलेली प्रश्नावली, आणि एका कॉलला किती मिनिटं लागली याची मोजदाद. पहिल्या पायरीवर दोन वर्षं ठीक. त्यानंतरही तिथेच असेल तर माझ्याकडे घेऊन या. तिथून सिस्टिम अॅडमिन, स्टोरेज आणि बॅकअप, क्लाउड, डेटा रिकव्हरी, पोलिसांच्या तपासाला लागणारं डिजिटल फॉरेन्सिक असे फाटे फुटतात. एक्सेलकडे ओढा वाढला तर एमआयएस, म्हणजे कंपनीच्या आकडेवारीचे अहवाल, आणि डेटा अॅनालिसिस. कुठला फाटा, ते आज ठरवू नका. वहीत कोणती पानं जास्त भरतात ते बघू.

एआयने हे सगळं काम जाईल ना, असं ताळेबंदासारखं शेवटी लिहिलंय तुम्ही. ठरलेली प्रश्नावली वाचून दाखवणाऱ्याचं जाईल, बरंचसं गेलंच आहे. पण १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीचं एक सदोष अपडेट गेलं आणि जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर थांबली. आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. उपाय सोपा होता, सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी गरजेपुरतं विंडोज सुरू करून, एक फाइल उडवायची. पण जे मशीन सुरूच होत नाही त्याला दुरून नवं अपडेट कसं पाठवणार? हजारो ठिकाणी माणूस मशीनपाशी जाऊन बसला, आणि जिथे डिस्कला बिटलॉकरचं कुलूप होतं तिथे ४८ आकडी किल्ली शोधत बसला. ती किल्ली आधीच नीट नोंदवून ठेवणारा माणूस ज्या ऑफिसात होता, तिथले लोक लवकर घरी गेले.

लॅपटॉप नको. कॉलेज सुरू झालं की बघू. सोलापुरात जुन्या मशीनच्या दुकानातून एक डेस्कटॉप घ्या आणि त्यात छोटी एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, टाका. तो त्याने हवा तितका मोडावा: विंडोज काढावं, लिनक्स घालावं, मुद्दाम मशीनचं सुरू होणं बिघडवावं आणि परत उभं करावं. घरच्या ज्या कॉम्प्युटरवर तुमच्या शाळेच्या याद्या आहेत त्याला मात्र हात नाही. आणि हो, त्या याद्यांत मुलांचे आधार क्रमांक ‘ई+११’ असे दिसतात म्हणून तुम्ही वैतागला आहात ना? तो कॉलम आधी टेक्स्ट करून मग आकडे भरायचे. सोळा आकडी नंबर असता तर एक्सेलने शेवटचा आकडा शून्य करून टाकला असता. आधार बारा आकडी आहे म्हणून वाचलात. पोराला विचारा, तो दोन मिनिटांत करून देईल. करण्याआधी फाइलची प्रत काढतो का, ते तेवढं बाजूला उभं राहून बघा आणि मला कळवा.