बोनस कंसात लपत नसतो रे!

पत्र थोडक्यात असं:

"मावशी, मी ३१ वर्षांचा, मुलुंडला राहतो, नोकरी लोअर परळला. २०१६ साली आम्ही चाळीतल्या चार मित्रांनी क्लॅश ऑफ क्लॅन्स या मोबाइल गेममध्ये क्लॅन, म्हणजे खेळाडूंचा गट, काढला, तेव्हापासून लीडर मीच. आता ४४ मेंबर आहेत, निम्म्यांना मी कधी बघितलेलंही नाही. त्या चौघांतले दोघं गेम सोडून गेले, उरलेला एक हल्ली दुसऱ्या क्लॅनशी होणाऱ्या वॉरमध्ये नाव असून अटॅक करत नाही, सैन्याचं डोनेशन मात्र रोज मागतो. आमची को-लीडर म्हणते त्याला किक कर नाहीतर मी जाते. वॉर तीच लावते, ती गेली तर कठीण आहे. मागच्या लीगनंतर (त्याने सातपैकी दोनच अटॅक केले होते, पण बोनस मी त्यालाही दिला) पाच चांगले प्लेयर सोडून गेले. मित्राला काढू की क्लॅन बुडू देऊ? वर आईला वाटतं मी कुठल्यातरी जुगारात अडकलोय. — वैतागलेला लीडर"

अरे वैतागलेल्या,

आधी एक सांगते म्हणजे तुला वाटायला नको की ही बाई मेथी निवडता निवडता काहीतरी ठोकतेय. मी पण खेळते. अकाउंट लेकाचं, तो नोकरीला लागला आणि त्याने सोडलं, मी म्हटलं एवढं बांधलेलं गाव असंच टाकायचं का, म्हणून उचललं. गावातली मुख्य इमारत, टाउन हॉल, १३ व्या लेव्हलला आहे, भिंती अर्ध्या राहिल्यात, त्यांच्याबद्दल कोणी विचारायचं नाही.

तर तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या कंसाशी अडखळले. अख्ख्या पत्रात मित्र, को-लीडर, आई, सगळ्यांबद्दल ऐसपैस लिहिलंस आणि बोनसचं तेवढं कंसात घातलंस. म्हणजे तुलाही माहितीये भानगड कुठे आहे ते.

जे खेळत नाहीत त्यांच्यासाठी सांगते, लीगमध्ये ८ क्लॅन एका गटात असतात, सात दिवस रोज एकाशी वॉर आणि माणशी रोज एकच अटॅक. म्हणजे तुझा हुकला की त्या दिवसापुरता हुकला, संध्याकाळी भरून काढतो वगैरे काही नाही. शेवटी लीग मेडल मिळतात ती ज्याने त्याने अटॅकमध्ये काढलेल्या स्टारप्रमाणे, पण त्यावर थोडे बोनस असतात, मोजकेच, आणि ते कोणाला द्यायचे हे गेम ठरवत नाही, लीडर ठरवतो. कोणी किती स्टार काढले ते सगळ्या क्लॅनला दिसत असतं बरं का. आता विचार कर, एक पोरगा ऑफिसातून दमून येऊन सातही दिवस अटॅक करतो आणि बोनस जातो दोनदा उगवलेल्या माणसाला, का तर तो लीडरच्या चाळीतला! मी असते तर मी पण गेले असते, आणि जाताना बोलले असते, ते पाच जण बिचारे न बोलता गेले.

मी शहाणपणा करत नाहीये, माझं पण झालंय असं. अकरा वर्षं बिल्डिंगमध्ये भिशी चालवली, एक मैत्रीण तीन महिने हप्ता देईना, मी गुपचूप माझ्या पर्समधून भरत राहिले, वाटलं पैसे माझे, कोणाला काय त्रास. कळलं तेव्हा बाकीच्या बायकांना पैशाचं काही नव्हतं, त्यांचं म्हणणं एवढंच की आम्ही पण अडचणीत होतो, तेव्हा आम्हाला का नाही विचारलंस. भिशी मोडली नाही पण वर्षभर माझ्याकडे कोणी चहाला आलं नाही. आणि ती मैत्रीण, जिच्यासाठी हे सगळं केलं, तीच जास्त ओशाळली आणि मला टाळायला लागली. हे मला तेव्हा अजिबात कळलं नव्हतं की असं पण होऊ शकतं.

म्हणून मित्राला किक करायच्या आधी जरा थांब. तुझ्याकडे ४४ माणसं आहेत, क्लॅनमध्ये ५० मावतात. सहा जागा रिकाम्या पडल्यात, मग त्याच्या एका जागेवाचून कोणाचं काय अडलंय? तो क्लॅनमध्ये आहे म्हणून लोक चिडलेले नाहीत, तो वॉरमध्ये घेतला जातो आणि वर बक्षीस पण घेऊन जातो म्हणून चिडलेत. त्याला सांग प्रोफाइलमध्ये वॉर शिल्ड लाल कर, म्हणजे मला वॉरमध्ये घेऊ नका, आणि तू पण त्याला लिस्टमध्ये घेऊ नकोस, बस. राहू दे क्लॅनमध्ये, मागू दे डोनेशन, कोणाला द्यायचं असेल तो देईल. काही लोक नुसते गप्पांना येतात, त्यांना काय आपण कट्ट्यावरून उठवतो का.

पण हे त्याला क्लॅन चॅटवर नाही सांगायचं, आणि मेसेज करून पण नाही. पत्रात तू लिहिलंस तो अटॅक करत नाही. का करत नाही हे कुठेच नाहीये. तुला माहीतच नाही ना? दहा वर्षांचा खेळ, त्याआधीची चाळ, आणि हा माणूस रोज ऑनलाइन येतो, सैन्य मागतो आणि लढत मात्र नाही, हे बघून तुला एक फोन करावासा वाटला नाही याचं मला जास्त नवल वाटलं. नोकरी गेली असेल, घरात आजारपण असेल, नाहीतर साधा कंटाळा आला असेल आणि तुला वाईट वाटेल म्हणून सोडत नसेल, हे पण असू शकतं हं. तो हल्ली कुठे राहतो ते तू लिहिलं नाहीस, वेस्टर्न लाइनला राहत असेल तर दादरला भेटा, दोघांना मध्ये पडतं. पियूष घ्या. पहिली पंधरा मिनिटं गेमचं नाव काढू नकोस.

आता को-लीडर. तिने धमकी द्यायला नको होती, पण बोनसबद्दल ती शंभर टक्के बरोबर आहे. आणि मला सांग, वॉर ती लावते, माणसं ती सांभाळते, ती गेली तर तुझं कठीण आहे, मग लीडर तू कशाचा आहेस, २०१६ चा? देऊन टाक तिला. तिला लीडर केलंस की तू आपोआप को-लीडर होतोस, क्लॅनमध्ये लीडर एकच असतो. एकदा दिलं की तुला वाटेल तेव्हा परत घेता येणार नाही हे मात्र लक्षात ठेव, म्हणून रागात नको देऊस, रुसून तर अजिबात नको. पण त्याआधी तुझ्याच नावाने एक क्लॅन मेल टाक, दोन ओळी पुरेत, मागच्या लीगचा बोनस देताना माझं चुकलं, पुढच्या वेळी स्टार बघून मिळेल. कारणं देत बसू नकोस. ते पाच जण परत येतील असं मी म्हणत नाही, त्यांना नवीन क्लॅन मिळाले पण असतील.

अजून एक, हे जरा खेळातलं आहे. साध्या वॉरला २३ तास तयारी आणि २४ तास लढाई, म्हणजे आज ज्या वेळी लावाल त्याच्या तासभर आधी परवा संपणार. तुमची को-लीडर संध्याकाळी आठला लावत असेल तर शेवटचा तास येतो सहा ते सात, म्हणजे तुमची सगळी पोरं लोकलमध्ये एका हाताने वरची कडी धरून दुसऱ्या हाताने ड्रॅगन सोडणार! आमच्यात एक डोंबिवलीचा आहे, पूर्वी फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायच्या तेव्हा त्याने गाडीत अटॅक सुरू केला, गाडी बोगद्यात शिरली, नेटवर्क गेलं, बाहेर येईपर्यंत खेळ खलास. रात्री साडेअकराला लावा, मग शेवट साडेदहाच्या आसपास येतो, जेवणं झालेली असतात आणि घरचं वायफाय असतं. हुकलेल्या अर्ध्या अटॅकचं भांडण यातच मिटेल असा माझा अंदाज आहे.

राहता राहिली आई. तिला जुगार वाटतो कारण तू फोन घेऊन दुसऱ्या खोलीत जातोस आणि कोणाशीतरी पुटपुटतोस, मला पण वाटलं असतं. समोर बसून दाखव. हे गाव, ही आपली माणसं, आणि हा बघ, आपल्या चाळीतला. ती लगेच विचारणार, कसा आहे रे तो, आई बरी आहे का त्याची? आणि आत्ता तुला याचं उत्तर येत नाहीये. म्हणून आधी दादर, मग आई.

लीग महिन्याच्या सुरुवातीला लागते, नावं भरायच्या आधीचा रविवार पकड. मेगाब्लॉक बघून निघ.

— मावशी